दयेचा अर्ज कोण लिहितं?

30 जुलै 2015 च्या सकाळी नागपूर मध्यवर्ती कारागृहात मुंबई बॉम्बस्फोट खटल्यातल्या याकूब मेमनला फाशी देण्यात आली. आदल्या रात्री अर्धा देश जागा होता. पहाटे तीन वाजून गेल्यावर सर्वोच्च न्यायालयाचं चार नंबरचं दालन उघडलं, तीन न्यायमूर्ती बसले, वकिलांनी युक्तिवाद केले आणि उजाडायच्या आत निकाल झाला. त्या दिवसांतल्या बातम्यांच्या शेपटीला एक ओळ असायची: या कारागृहात याआधीची फाशी नोव्हेंबर 1984 मध्ये झाली होती, अमरावतीच्या दोन सख्ख्या भावांना, खुनाच्या गुन्ह्यात.

ती ओळ मी अकोल्यात वाचली आणि कितीतरी दिवस ती डोक्यातून गेली नाही. याकूबसाठी रात्री तीनला वकील होते, त्याच्या बाजूनं आणि विरोधात निवेदनं होती, वाहिन्यांचे कॅमेरे होते. या दोन भावांसाठी कोण होतं? त्यांचा दयेचा अर्ज कोणी लिहिला असेल? बराकीतल्या एखाद्या शिकलेल्या कैद्यानं, की कारागृहातल्या कारकुनानं ठरावीक नमुन्यात? 31 ऑक्टोबरला इंदिरा गांधींची हत्या झाली होती, दिल्ली जळत होती. अशा नोव्हेंबरात नागपूरला पहाटे काय झालं, याकडे वऱ्हाडातल्या तरी किती जणांचं लक्ष गेलं असेल? मी विचारलेल्या बहुतेकांना ती घटना आठवत नव्हती.

त्या वर्षी राष्ट्रपती झैलसिंग होते. त्यांच्या काळात दया अर्जांचं काय झालं, हे कायदा आयोगाच्या 262 व्या अहवालात आकड्यांत आहे: 32 अर्जांवर निर्णय झाला, 30 फेटाळले, दोन मंजूर. 1950 पासून 2015 पर्यंत एकूण 437 अर्ज निकाली निघाले आणि त्यांतले 306 मंजूर झाले. म्हणजे बेरीज पाहिली तर दयाच जास्त. पण बेरीज फसवी आहे. राजेंद्रप्रसादांपुढे आलेल्या 181 पैकी 180 अर्ज मंजूर झाले. राधाकृष्णन यांनी 57 पैकी एकही फेटाळला नाही. वेंकटरामन यांनी 50 पैकी 45 फेटाळले, शंकरदयाळ शर्मांनी सगळे 18 फेटाळले. सुरुवातीच्या काळात खुनाला फाशी ही जवळजवळ ठरलेली शिक्षा होती, त्यामुळे सौम्य करण्याजोगी प्रकरणंही जास्त असत, हे खरं. 1973 च्या संहितेनं फाशी द्यायची तर विशेष कारणं लिहा असं सांगितलं आणि 1980 मध्ये बच्चनसिंग खटल्यानं ‘दुर्मिळातली दुर्मिळ’ ही कसोटी घालून दिली. तरीसुद्धा आपला अर्ज कोणत्या पाच वर्षांत टेबलावर पोचला, यावर माणसाचं जगणं-मरणं इतकं अवलंबून असावं, हे मला आजही पटत नाही.

या यादीत एक नाव आमच्या घरचं आहे. प्रतिभाताई पाटील. माहेर जळगाव जिल्ह्यातलं, सासर अमरावतीचं. 1991 ते 1996 त्या अमरावतीच्याच खासदार होत्या. जुलै 2007 मध्ये त्या राष्ट्रपती भवनात गेल्या तेव्हा तिथं दया अर्जांचा ढीग साचला होता. नारायणन यांनी एकाही अर्जावर निर्णय घेतला नव्हता. कलामांनी पाच वर्षांत दोनच निकाली काढले होते, एक मंजूर आणि एक नामंजूर. उरलेले सगळे ताईंच्या टेबलावर आले. आयोगाच्या तक्त्यात त्यांच्या नावापुढे 34 मंजूर आणि पाच नामंजूर असे आकडे आहेत. नामंजूर झालेल्यांत राजीव गांधी हत्या खटल्यातले तिघे होते.

त्या 34 वरून देशभर गदारोळ झाला. त्यांतल्या काहींनी लहान मुलींचे बळी घेतले होते. अमरावतीतही लोक चिडून विचारत, “ताईनं असल्यायले काहून सोडलं?” कोणालाही सोडलेलं नव्हतं, फाशीची जन्मठेप झाली होती. आणि राष्ट्रपती असा निर्णय स्वतःच्या मनानं घेत नाहीत, गृह मंत्रालयाच्या सल्ल्यानं घेतात, हेही त्या रागात कोणी ऐकून घेत नव्हतं. मला मात्र त्या यादीतली एक नोंद सगळ्यांत जास्त खटकली. बेळगावच्या हिंडलगा कारागृहातल्या एका कैद्याची फाशी जून 2012 मध्ये रद्द झाली. तो कैदी ऑक्टोबर 2007 मध्येच आजारानं गेला होता. साडेचार वर्षांहून जास्त त्याची फाइल जिवंत होती, माणूस नव्हता. कारागृहातून राज्याकडे, राज्यातून दिल्लीकडे एवढी एक ओळ कोणी कळवली नाही, आणि दिल्लीतून कोणी विचारलंही नाही. दयेचा निर्णय घेणाऱ्या यंत्रणेला ज्याच्यावर दया करायची तो हयात आहे की नाही हेच माहीत नसेल, तर त्याची म्हातारी आई कोण, तो किती शिकला, कारागृहात कसा वागला, हे तिला कुठून कळणार?

•

फाशीविरुद्ध लिहिणाऱ्यानं आधी मारल्या गेलेल्या माणसाच्या घरी जाऊन यावं, असं मला वाटतं. प्रत्यक्ष नाही जमलं तर निदान निकालपत्रातून. अमरावती जिल्ह्यात, अचलपूरकडच्या भागात 2006 मध्ये अकरा वर्षांच्या एका मुलीवर अत्याचार करून तिला मारण्यात आलं. मुलगी मतिमंद होती. आपल्यावर काय ओढवलंय हे सांगण्याचीही ताकद त्या लेकराकडे नव्हती. करणारा बावन्न वर्षांचा माणूस. सत्र न्यायालयानं फाशी दिली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं ती कायम केली. निकालपत्र वाचताना मला दोनदा ते बाजूला ठेवावं लागलं. त्या मुलीच्या घरच्यांनी फाशीच मागितली असेल तर त्यांच्यासमोर उभं राहून ‘चुकताय’ म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

हेच प्रकरण 25 एप्रिल 2013 ला सर्वोच्च न्यायालयात निकाली निघालं. ‘शंकर किसनराव खाडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या नावानं ते आज कायद्याच्या प्रत्येक पुस्तकात आहे. न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि मदन लोकुर यांनी दोष कायम ठेवला, फाशीची जन्मठेप केली आणि शिक्षा एकापाठोपाठ एक भोगायला लावल्या. पण या निकालाचं मोठेपण लोकुर यांनी वेगळ्या लिहिलेल्या पानांत आहे. मुलींवरच्या अत्याचार आणि खुनाचे मागच्या अनेक वर्षांतले निकाल त्यांनी शेजारी-शेजारी मांडले. एका बाजूला फाशी झालेली प्रकरणं, दुसऱ्या बाजूला न झालेली. वाचताना दिसतं की गुन्हे सारखे, वयं सारखी, क्रौर्य सारखं; शिक्षा मात्र खंडपीठागणिक वेगळी. पुढे जाऊन त्यांनी लिहिलं की न्यायालय आणि सरकार ही राज्याची दोन अंगंही फाशीच्या कैद्याकडे दोन वेगवेगळ्या मापांनी पाहताना दिसतात. न्यायालय ज्याला दुर्मिळातलं दुर्मिळ म्हणतं, त्याला सरकार दया देतं. आणि ज्याला द्यायला हवी, त्याला देत नाही. याचा अभ्यास कायदा आयोगानं करावा, असं त्यांनी सुचवलं.

आयोगानं तो केला. अध्यक्ष होते न्यायमूर्ती ए. पी. शहा. 31 ऑगस्ट 2015 ला, याकूबच्या फाशीनंतर महिनाभरानं, 262 वा अहवाल आला: दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध हे गुन्हे सोडून बाकी सगळ्यांसाठी फाशी रद्द करावी. सरकारनं तो अंमलात आणला नाही. पण देशाला हा प्रश्न विचारायला लावणाऱ्या निकालांत आमच्या अचलपूरकडच्या एका अभागी लेकराचा खटला आहे, हे वऱ्हाडातल्या किती वकिलांना ठाऊक आहे?

अकोल्याचंही सांगते. तेल्हारा तालुक्यातल्या मालपुरा गावात 2015 मध्ये शेतीच्या हिश्श्यावरून एकाच घरातले चौघे मारले गेले. मे 2024 मध्ये अकोटच्या सत्र न्यायालयानं तिघांना फाशी सुनावली, त्यांत एक बाई. मारणारे आणि मरणारे नात्यातले. ज्यांनी दोन-चार एकराच्या बांधावरून भाऊबंदकीत आयुष्य सडलेलं पाहिलंय, त्यांना यात काही दुर्मिळ वाटणार नाही, भयंकर वाटेल. निकाल लागला त्या दिवसांत अकोल्यात ज्यानं त्यानं एकच म्हटलं, ‘बरं झालं.’ सत्र न्यायालयाची फाशी उच्च न्यायालयानं कायम केल्याशिवाय अंमलात येत नाही, त्यानंतर सर्वोच्च न्यायालय असतं, मग पुनर्विचार, मग राज्यपाल, मग राष्ट्रपती. इतक्या पायऱ्या कशासाठी ठेवल्यात, हा प्रश्न त्या दिवशी कोणाला पडला नाही.

•

विदर्भानं कधीकाळी फाशीच्या कैद्यांसाठी दया मागितली होती आणि मिळवली होती. ही आठवण आपल्याला हवी तेवढीच आपण ठेवली आहे.

16 ऑगस्ट 1942, नागपंचमी. वर्धा जिल्ह्यातलं आष्टी आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातलं चिमूर. आष्टी म्हणजे आमच्या वरुड-मोर्शीच्या शेजारचंच गाव. यावली आणि बेनोडा ही अमरावती जिल्ह्यातली गावंही त्याच महिन्यात पेटली होती. यावली हे तुकडोजी महाराजांचं गाव, आणि चिमूरच्या उठावामागं त्यांच्या भजनांची हवा होती म्हणून 28 ऑगस्टला त्यांनाही अटक झाली. आष्टीत पोलीस ठाण्यासमोर गोळीबार झाला, माणसं पडली, आणि मग जमावानं पोलिसांना मारलं. चिमुरात अधिकारी मारले गेले. नंतर लष्कर आलं आणि चिमूरच्या बायकांवर जे झालं त्याच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी 63 दिवस उपोषण केलं.

खटले चालले. अनेकांना फाशीची शिक्षा झाली. अपिलं झाली, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि तिथूनही रिकाम्या हातानं परत आलं. मग उरला फक्त दयेचा रस्ता. नागपूरच्या अनसूयाबाई काळे या कामाला लागल्या. 1937 च्या मध्यप्रांत-वऱ्हाड विधिमंडळात त्या उपसभापती होत्या. पुढे 1952 मध्ये नागपूरच्या पहिल्या खासदार झाल्या. पण या भागातल्या जुन्या माणसांना त्या आठवतात त्या आष्टी-चिमूरच्या कैद्यांना दोरापासून परत आणणारी बाई म्हणून. पैसा उभा करणं, वकील गाठणं, निवेदनं लिहिणं, कैद्यांच्या घरी जाणं, दिल्लीचा पिच्छा पुरवणं. गांधीजींनी या फाशींविरुद्ध जाहीर निवेदनं काढली. 1945 मध्ये वेव्हेल व्हाइसरॉय असताना उरलेल्या फाशींची जन्मठेप झाली.

यातली एक गोष्ट आपण मुद्दाम मोठ्यानं बोलत नाही. मेलेले पोलीस आणि अधिकारीही माणसंच होती, त्यांतले बहुतेक इथलेच होते, त्यांनाही बायका-पोरं होती. अनसूयाबाईंनी दया मागितली ती ‘हे लोक तिथं नव्हतेच’ म्हणून मागितली नव्हती. जमावाच्या हातून खून झाले होते आणि तरीही या माणसांना मारू नका, एवढंच मागणं होतं. दया निर्दोषासाठी नसते. निर्दोषाला सुटका हवी असते. दया दोषी माणसासाठीच मागायची असते, आणि ती मागण्यात आपल्या आजोबा-आज्यांना लाज वाटली नव्हती. तेव्हा कैदी आपले होते. आजचा कैदी आपला वाटत नाही, एवढाच फरक आहे.

•

तो आपला का वाटत नाही याचं एक उत्तर दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठानं 2016 मध्ये काढलेल्या अहवालात आहे. देशभरातल्या फाशीच्या कैद्यांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या मुलाखती घेऊन तो केला होता. 74.1 टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या कमकुवत घरांतले निघाले. भटके, भूमिहीन, बिगारी. ज्यांचा वकील त्यांना तारखेच्या दिवशी पाच मिनिटं भेटतो, ते.

भोकरदन आमच्या बुलढाण्याला लागून. तिथल्या भटक्या समाजातल्या सहा जणांची गोष्ट मी प्रत्येक भाषणात सांगते. 5 जून 2003 च्या रात्री नाशिक जिल्ह्यात एका शेतवस्तीवर दरोडा पडला, पाच जण मारले गेले, बाईवर आणि मुलीवर अत्याचार झाले. या सहा जणांना पकडलं. 2006 मध्ये नाशिकच्या न्यायालयानं सगळ्यांना फाशी दिली. 2007 मध्ये उच्च न्यायालयानं तिघांची जन्मठेप केली. सरकार अपिलात गेलं आणि 30 एप्रिल 2009 ला सर्वोच्च न्यायालयानं त्या तिघांचीही फाशी परत लावली. त्या निकालाचा आधार होता रावजी नावाचा राजस्थानातला 1996 चा निकाल, ज्यात म्हटलं होतं की शिक्षा देताना गुन्हा बघायचा, गुन्हेगार नाही. आणि तेरा दिवसांनी, 13 मे 2009 ला, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठानं बरियार खटल्यात सांगितलं की रावजीचा निकाल बच्चनसिंगच्या विरुद्ध आहे, तो चुकीनं दिला गेला. तेरा दिवस! खुद्द रावजीला 1996 मध्येच फाशी होऊन गेली होती.

2012 मध्ये चौदा निवृत्त न्यायमूर्तींनी राष्ट्रपतींना पत्रं लिहिली. पी. बी. सावंत, ए. पी. शहा, होस्बेट सुरेश, बी. जी. कोळसे-पाटील ही त्यांतली आपल्या ओळखीची नावं. आमच्याच न्यायव्यवस्थेनं चुकीच्या आधारावर तेरा जणांना फाशी दिली आहे, ती जन्मठेपेत बदला, असं त्या पत्रांचं म्हणणं होतं. तेरांत हे सहा होते. मला दया मागण्याच्या मोहिमेचं याहून प्रामाणिक उदाहरण माहीत नाही: ज्यांनी आयुष्यभर शिक्षा लिहिल्या, त्यांनी सही करून सांगितलं की आमच्या हातून चूक झाली.

पुढचं अधिक हादरवणारं आहे. त्याच वर्षी सहांतला एक जण गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता असं नाशिकच्या न्यायालयात सिद्ध झालं. मग 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रकरण पुन्हा उघडलं आणि 5 मार्च 2019 ला सहाही जणांना निर्दोष सोडलं. गुन्ह्यानंतर दोनच दिवसांनी प्रत्यक्ष साक्षीदार बाईनं पोलिसांकडच्या फोटोंतून चार वेगळ्याच माणसांना ओळखलं होतं. त्या चौघांचा तपासच झाला नाही. सरकारनं प्रत्येकाला पाच लाख द्यावेत आणि तपास बिघडवणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करावी, असा आदेश झाला. तोवर सोळा वर्षं गेली होती. आधी सांगितलं की दया निर्दोषासाठी नसते. पण निर्दोष कोण हे कळायला कधीकधी सोळा वर्षं लागतात आणि तेवढा वेळ माणूस जिवंत ठेवण्याचं काम शेवटी दयेच्या अर्जावरच येऊन पडतं.

•

गेल्या उन्हाळ्यात दर्यापूरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत एका कामासाठी गेले होते. मुख्याध्यापकांनी लोखंडी कपाट उघडून दाखल-खारीज रजिस्टर काढून दिलं. लाल कापडी पाठ, कोपरे उंदरांनी खाल्लेले, पानं पिवळी. रकाने ओळीनं: नाव, आईचं नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी, जन्मतारीख अक्षरी, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याचं कारण. एका पानावर सात-आठ पोरांची जन्मतारीख 1 जून होती. तेव्हाचे गुरुजी पोराचा हात डोक्यावरून कानापर्यंत पोचतो का ते बघत आणि तारीख टाकून देत. फासेपारधी बेड्यावरच्या दोन मुलांच्या नावापुढे कारणाच्या रकान्यात फक्त ‘सतत गैरहजर’ असं होतं. “याचं काय करावं मॅडम, पावसाळ्यात छत गळतं,” गुरुजी म्हणाले.

असल्याच एका रजिस्टरनं नागपूरच्या कारागृहातल्या एका कैद्याचा जीव वाचवला. पुण्यात ऑगस्ट 1994 मध्ये एकाच घरातल्या पाच बायका आणि दोन मुलं मारली गेली. त्यात फाशी झालेल्यांतला एक राजस्थानचा. पोलीस कागदांत त्याचं नाव नारायण आणि वय विशीच्या पुढचं. त्याच्या साथीदाराची फाशी 2016 मध्ये राष्ट्रपतींनी जन्मठेपेत बदलली. यानं आपला दया अर्ज मागे घेतला आणि सर्वोच्च न्यायालयाला म्हटलं, माझं वय तपासा. बिकानेर जिल्ह्यातल्या जलाबसर गावच्या सरकारी शाळेत नाव सापडलं: निराणाराम, चेतनराम यांचा मुलगा, जन्म 1 फेब्रुवारी 1982. गुन्ह्याच्या दिवशी वय बारा वर्षं सहा महिने. पुण्याच्या जिल्हा न्यायाधीशांनी चौकशी करून ते मान्य केलं आणि 27 मार्च 2023 ला सर्वोच्च न्यायालयानं त्याला तात्काळ सोडलं. अठ्ठावीस वर्षांहून जास्त काळ तो आत होता, त्यातला मोठा काळ फाशीच्या छायेखाली. ज्याला कायद्यानं तीन वर्षांहून जास्त डांबता आलं नसतं, त्या पोराला आपण चाळिशी ओलांडल्यावर बाहेर पाठवलं. शाळा होती, रजिस्टर होतं, पान होतं. जाऊन बघणारं माणूस तेवढं नव्हतं.

म्हणून मी म्हणते, दयेच्या मोहिमेचं खरं काम मोर्च्यात होत नाही. ते शाळेच्या कपाटात, सरकारी दवाखान्याच्या जुन्या केसपेपरांत, गावातल्या म्हाताऱ्या शेजारणीच्या ओसरीवर होतं. पोराला लहानपणी डोक्याला मार लागला होता का, बाप दारू पिऊन मारायचा का, घरात वेडाचा आजार होता का, कारागृहात तो लिहायला-वाचायला शिकला का. मे 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं मनोज खटल्यात सांगितलं की ही माहिती खटला चालू असतानाच गोळा करा, मानसिक तपासणीचा आणि कारागृहातल्या वर्तनाचा अहवाल मागवा. एप्रिल 2023 मध्ये आमच्या अमरावतीच्या भूषण गवईंच्या खंडपीठानं नांदेड जिल्ह्यातल्या एका खटल्यात असे अहवाल पाहूनच फाशीची जन्मठेप केली. नागपूरजवळच्या वाडीतल्या 2008 च्या एका प्रकरणात तर राष्ट्रपतींनी 2023 मध्ये दया नाकारल्यावरसुद्धा 25 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं फाशी बाजूला ठेवली, कारण मनोज खटल्यातल्या या गोष्टी पाहिल्याच गेल्या नव्हत्या. शिक्षेवर नव्यानं सुनावणी घ्यायचं ठरलं.

आणि फाइल पुढे सरकवणारं माणूस नसलं की काय होतं, तेही महाराष्ट्रानं पाहिलंय. कोल्हापूरच्या बालहत्याकांडातल्या दोघी बहिणींच्या दया अर्जाला लागलेली सात वर्षं दहा महिने पंधरा दिवस उच्च न्यायालयानं मोजली आणि जानेवारी 2022 मध्ये फाशीची जन्मठेप केली. पुण्यात बीपीओमधल्या तरुणीच्या खुनाच्या खटल्यातल्या दोघांचा हिशोब चार वर्षं एक महिना सहा दिवस निघाला. त्यांचे अर्ज फेटाळले गेले मे 2017 मध्ये, आणि फाशीचं वॉरंट निघालं एप्रिल 2019 मध्ये. मधली जवळजवळ दोन वर्षं एक पत्र कारागृहातून न्यायालयाकडे जाऊन पडून होतं. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं या दोघांची फाशी रद्द करणाऱ्या उच्च न्यायालयाच्या निकालावर शिक्कामोर्तब केलं आणि प्रत्येक राज्यानं गृह किंवा कारागृह विभागात दया अर्जांसाठी वेगळा कक्ष उघडावा, असा आदेश दिला. त्या उशिरात मेलेल्या पोरांच्या आयाही वाट पाहत होत्या, हे विसरू नये. उशीर कोणालाच न्याय देत नाही.

•

आता नवीन कायदा आला आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 472 नं दया अर्जाला मुदत घातली. शेवटचं अपील फेटाळल्याचं कारागृह अधीक्षकांनी कळवल्यापासून तीस दिवस. राज्यपालांनी नाकारलं तर राष्ट्रपतींकडे जायला साठ दिवस. केंद्रानंही साठ दिवसांत शिफारस करायची. मुदत चांगलीच, वर्षानुवर्षं टांगून ठेवण्यापेक्षा बरी. पण तेल्हाऱ्याच्या एखाद्या अशिक्षित माणसानं तीस दिवसांत शाळेचा दाखला, दवाखान्याचे कागद, गावकऱ्यांची निवेदनं कुठून आणायची? आणि अर्ज कोणी करायचा, तर कैद्यानं, त्याच्या कायदेशीर वारसानं किंवा नातेवाइकानं, एवढंच त्या कलमात लिहिलं आहे. ज्या घरानं लाजेनं नाव टाकलंय, त्या कैद्याचा वारस कोण होणार? अनसूयाबाई काळे आष्टीच्या कोणत्या कैद्याच्या नातेवाईक होत्या? ते चौदा न्यायमूर्ती भोकरदनच्या त्या सहा जणांचे कोण लागत होते? संविधानाच्या कलम 72 आणि 161 मधला राष्ट्रपतींचा आणि राज्यपालांचा अधिकार या कलमानं कमी होत नाही, त्यामुळे कोणाही नागरिकाला त्यांना पत्र लिहायचा हक्क आजही आहे. तो वापरायला हवा.

नागपूरला वर्धा रोडवर कारागृहाच्या दाराशी मुलाखतीसाठी आलेली माणसं मी पाहिली आहेत. अकोला, बडनेरा, वर्धा करत रात्रीच्या गाडीनं आलेली, हातात कापडी पिशवी, पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स. कोणाशी बोलत नाहीत, आपला माणूस कोणत्या गुन्ह्यात आहे हे कोणी विचारू नये म्हणून. त्यांना वकिलापेक्षा आधी सोबत हवी असते. अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय जिल्हा न्यायालयातच आहे. फुकट वकील मिळतो. तिथपर्यंत हात धरून नेणं, हे आपल्यापैकी कोणालाही जमण्यासारखं आहे.

आणि गावोगावच्या मुख्याध्यापकांना एक विनंती. शाळेचं जुनं दाखल-खारीज रजिस्टर रद्दीत घालू नका, गळक्या छताखाली ठेवू नका. पानांचे फोटो काढून ठेवा. ‘सतत गैरहजर’ लिहिलेली पानं तर आधी.